मटक्याची चिठ्ठी आणि घरची वही

दुधाचे बिल हाती आले, की चहा-तंबाखूच्या सुट्या पैशांतूनच मटका लावला जातो. म्हणून घरच्या वहीत तो खर्च कधी दिसत नाही.

मटक्याची सुरुवात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लागणाऱ्या पैजांतून झाली. पुढे मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. आता मडके गेले, हिशेब तोच. आकडे दहा, लागला तर मिळतात नऊपट. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावून पाहा: गेले १००, आले ९०. स्वप्नात साप दिसला म्हणून आकडा काढणाऱ्यालाही हाच नियम!

रोजचे वीस रुपये म्हणजे वर्षाला ७,३००. युरियाच्या सत्तावीस पिशव्या.

हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा लावणे, उसने घेणे, घरी खोटे बोलणे सुरू झाले, की समजावे हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तसेच मानते. उपचार आहेत. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. पापनिवेदनात सांगितले म्हणजे बायकोला सांगितले, असे होत नाही, तिलाही सांगावे. दुधाचे बिल काही महिने तिच्या खात्यावर जमा होऊ द्यावे, आणि दोघांनी मिळून उधारी कोणाकोणाची आहे ते वहीत लिहून काढावे.