'साडेबारा टक्के' आणि दिबा

नेरूळमध्ये घर शोधताना एजंट हमखास सांगतो, "हा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आहे." या दोन शब्दांमागे एक अख्खं आयुष्य उभं आहे: दि. बा. पाटील, म्हणजे सगळ्यांचे 'दिबा'!

जन्म १९२६, उरणजवळचं जासई. शेकापचे दिबा पनवेलमधून ५ वेळा आमदार आणि २ वेळा खासदार झाले. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, तेव्हा ते सभागृहात बोलले आणि रस्त्यावरही उतरले. जानेवारी १९८४च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. त्याच लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली.

२०१३मध्ये दिबा गेले. नेरूळकरांनो, मुलांना हा इतिहास जरूर सांगा.