आरंभशूर दया

आपल्या लोकांच्या अंगी दया नाही, असा दोष त्यांचा शत्रूही त्यांस देणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपतीच्या विसर्जनाची रात्र सरून उजाडण्यापूर्वीच, लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर इत्यादी गावे धरणीकंपाने जमीनदोस्त झाली. सरकारी गणतीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली आणि बावन्न गावे नव्याने वसवावी लागली. त्या वेळी शहराशहरांतून धान्य, भांडी व कपडे भरलेल्या मालमोटारी तिकडे धावल्या, हे आपणांस भूषणावह आहे. परंतु मालमोटारी काही महिन्यांत परततात आणि मूल तेथेच राहते. त्या पहाटे जे मूल पाच वर्षांचे होते, ते मदतीचा ओघ आटला तेव्हा फार तर सहाव्या वर्षात शिरले असेल. त्याची शाळा, त्याचा धंदा, त्याचा संसार हे सर्व पुढेच होते. तेव्हा आमचा आक्षेप दया नसण्याबद्दल नाही. ती आरंभशूर आहे, याबद्दल आहे.

मोठ्या माणसाचे घर पडले तर त्याचे घर पडते. मुलाचे घर पडले तर त्याचे भविष्य पडते. पोटभर अन्न व अंगभर वस्त्र दिल्याने पहिल्याचे निम्मे काम होते, दुसऱ्याचे नुकते कोठे सुरू होते. म्हणून मुलांच्या साहाय्याचा विचार धर्मादायाच्या खात्यात न मांडता कर्तव्याच्या खात्यात मांडला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

हा विचार जगात रुजला त्याची कथा मनन करण्याजोगी आहे. पहिले महायुद्ध थांबल्यावरही दोस्तराष्ट्रांची नाकेबंदी चालूच राहिली आणि ऑस्ट्रिया व जर्मनीतील मुले उपासमारीने खंगू लागली. १९१९ साली एग्लन्टाइन जेब या इंग्रज बाईने लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात त्या मुलांविषयीची पत्रके वाटली. ती सरकारी परवानगीवाचून छापली, म्हणून तिच्यावर खटला होऊन पाच पौंड दंड झाला. पण खुद्द सरकारी वकिलानेच तो दंड आपल्या खिशातून देऊ केला! शत्रूचे मूल शत्रू नव्हे, ही गोष्ट वादी पक्षाच्या वकिलासही पटली, यापरता जय तो कोणता? त्याच वर्षी जेबबाईने आपल्या भगिनीसह ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था काढली. आणि तिने तयार केलेला बालहक्कांचा जाहीरनामा १९२४ साली राष्ट्रसंघाने जिनिव्हात मान्य केला. संकटकाळी पहिले साहाय्य मुलाला मिळाले पाहिजे, हे त्यातील एक कलम होय.

हे तत्त्व परदेशी आहे, असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात रशियातून बाहेर पडलेली पोलंडमधील मुले १९४२ साली नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे ठेवून घेतली. आणि आमच्या कोल्हापुराजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया व मुले, राहिली. ज्या भूमीने अशा परक्यांस पाच वर्षे जागा दिली, तिच्या पेठांत आज दूरच्या युद्धाची वार्ता येताच ‘ती मुले कोणत्या पक्षाची?’ असा प्रश्न निघावा, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा याहून नाजूक आहे. संकटात सापडलेले मूल उचलून दूर नेणे म्हणजे त्याला वाचविणे, असा पुष्कळ सज्जनांचा समज असतो. २०१० साली हैती देशात भयंकर भूकंप झाला, तेव्हा दहा अमेरिकन धर्मसेवक तेहेतीस मुलांस घेऊन सरहद्द ओलांडू लागले असता पकडले गेले. मुले अनाथ आहेत असे त्यांचे म्हणणे होते. चौकशीअंती त्यांचे आईबाप हयात असल्याचे आढळून आले. गरिबी म्हणजे अनाथपण नव्हे. आमच्या देशाचा २०१५ चा बालन्याय कायदा या बाबतीत स्पष्ट आहे : पालकावाचून सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे नेले पाहिजे, आणि त्याला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा. दयेच्या भरात परस्पर मूल उचलून देणारा मनुष्य कितीही पुण्यशील असला, तरी तो अपराधच करितो.

मग मुलाला गावाबाहेर कधीच नेऊ नये काय? तसेही नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली आणि वाघोली येथे त्यांच्या निवासाची व शाळेची सोय केली. ही मुले आपल्याच भाषेच्या मुलखात राहिली. आणि मुख्य म्हणजे हा उद्योग आठवड्यांचा नव्हता, वर्षांचा होता. वाचविणे आणि वाढविणे यांतील भेद हाच.

सरकारासही ही गोष्ट उमगली नाही असे नाही. २०२१ साली, महामारीत आईबाप दोन्ही गमावलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने पाच लाखांची ठेव जाहीर केली, आणि केंद्र सरकारने तेविसाव्या वर्षी दहा लाख हाती पडतील अशी योजना केली. रकमेपेक्षा त्यातील तेवीस हा आकडा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. प्रश्न एवढाच की, साथीने पोरक्या झालेल्या मुलास जो न्याय, तोच पुराने, दरडीने किंवा दंगलीने पोरक्या झालेल्या मुलास का नसावा? प्रत्येक आपत्तीनंतर नवी घोषणा होण्याची वाट न पाहता हा नियम कायमचा करावा, अशी आमची मागणी आहे.

आता व्यापारी बंधूंस दोन शब्द. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडले होते. तेव्हा घरातील अडगळ धाडू नका, रोकड धाडा. ती शक्य तेथे आपद्ग्रस्त भागातील दुकानदाराकडेच खर्च होऊ द्या, म्हणजे त्याचेही दुकान पुन्हा उभे राहील. वर्गणीचा हिशेब मागा व द्या. आणि प्रत्येक पेठेने एकदाच मोठा आकडा जाहीर करण्याऐवजी, चार-दोन मुलांचे शिक्षण पुरे होईपर्यंत दर वर्षी लहान रक्कम देण्याचा ठराव करावा. आपण उधारीचा हप्ता एक दिवसही चुकू देत नाही. मग मुलाचा हप्ता पहिल्याच वर्षी का चुकावा?

पुढचा पूर किंवा धरणीकंप कोणत्या तिथीला येईल, हे पंचांगात लिहिलेले नसते. पण तो येईल तेव्हा गाडी भरण्याची आपली तयारी असेलच, याविषयी आम्हांस शंका नाही. गाडी परतल्यावर त्या मुलाजवळ कोण राहील, हे मात्र आजच ठरविले पाहिजे.