गुरुजी, उत्तर सांगण्याची घाई करू नका

दहावीचा निकाल लागला की आमच्या सिंधुदुर्गात पेढ्यांची दुकाने रिकामी होतात. रत्नागिरीला कोकण विभागीय मंडळ सुरू झाले, तेव्हापासून म्हणजे २०१२ सालापासून दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात अव्वल राहत आला आहे. २०२४ साली ९९.०१ टक्के, २०२५ साली ९८.८२ टक्के! बौद्धवाडीच्या विहारात गुणवंतांचा सत्कार होतो, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो, पुढाऱ्यांची भाषणे होतात. आम्हीही त्या मंचावर बसलो आहोत आणि भाषणेही ठोकली आहेत. परंतु सत्काराची शाल घडी करून कपाटात गेली की त्याच मुलाला एखाद्या दिवशी जवळ बसवावे आणि न शिकवलेला एक उतारा त्याच्या हाती देऊन म्हणावे, वाच आणि तुला काय वाटते ते सांग. मुलगा आपल्या तोंडाकडे बघत बसतो. त्याचा प्रश्न एकच असतो, "सर, ह्या परीक्षेक येतला काय?"

दोष मुलाचा नाही. दोष आम्हा मास्तरांचा आहे आणि त्यात मी स्वतः पहिला. सत्तावीस वर्षे मी मालवण तालुक्याच्या किनारपट्टीवरील प्राथमिक शाळांत काढली. माझा वर्ग शांत, फळा स्वच्छ, पाठटाचण नेहमी पूर्ण. साहेब आले की शेरेबुकात 'समाधानकारक' असा शेरा मारून जात. जुन्या काळी खेड्यात 'दिपोटी आला' म्हटले की मास्तरांचे धोतर थरथरायचे; आमच्या काळात दिपोटी गेला पण थरथर राहिली. वर्गात बाहेरचा माणूस येतो तो चुका काढायलाच, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले होते.

अशात एक वर्ष शेजारच्या शाळेतील एक ज्येष्ठ बाई माझ्या वर्गात येऊन बसू लागल्या. हुकूम कोणाचा नव्हता, आम्ही दोघांनी आपसात ठरवले होते. मी त्यांच्या वर्गात बसायचे, त्यांनी माझ्या. पहिल्या दिवशी तास संपल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली. "गुरुजी, चाळीस मिनिटांत तुम्ही एकतीस प्रश्न विचारलेत. त्यातल्या किती प्रश्नांची उत्तरे पोरांनी दिली आणि किती तुम्हीच?" मी गप्प. प्रश्न विचारायचा, क्षणभर थांबायचे आणि 'सांगा, सांगा, अरे सोपे आहे, बरोबर, म्हणजे...' असे म्हणत स्वतःच उत्तर सांगून पुढे जायचे, ही माझी पद्धत. एकट्या माझीच ही सवय नव्हे, हे मला नंतर कळले. १९७०च्या दशकात मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने शेकडो तासांचे ध्वनिमुद्रण ऐकून दाखवून दिले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात आणि मुलेच प्रश्न विचारू लागतात. हा सगळा फरक दोन सेकंदांचा!

पण बाईंच्या वहीत दुसरे पानही होते आणि ते मला अधिक झोंबले. त्यांनी वर्गाचा नकाशा काढला होता, कोण कुठे बसते तो. ज्या मुलाला मी प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे एक टिंब. टिंबांची गर्दी पुढच्या दोन रांगांत. बौद्धवाडीतून येणाऱ्या तीन मुलांपुढे एकही टिंब नव्हते. आणि मी स्वतः बौद्धवाडीतला! आपल्या पोरांना विचारले तर लोक म्हणतील मास्तर आपल्या जातीकडे बघतो, ही एक भीती. आणि विचारले व आले नाही तर चारचौघांत हसू होईल, ही दुसरी. या दोन भीतींच्या पोटी मी त्यांना वर्षभर 'सांभाळून' घेत होतो. सांभाळून घेणे म्हणजे काय, तर त्यांना विचार करण्याची संधीच न देणे.

त्या रात्री मला एल्फिन्स्टन हायस्कूल आठवले. शिक्षकाने विद्यार्थी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा सवर्ण मुले धावत सुटली ती फळ्यामागे ठेवलेले आपले डबे हलवायला, हा प्रसंग आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? पुढे बाबासाहेब फळ्यापाशी गेले आणि गणित सोडवले. आज डबे कोणी हलवत नाही. परंतु खडू आपल्या मुलाच्या हातात जातो का, हे कोण मोजते? आमच्याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी) दापोलीच्या नगरपालिका शाळेत महार पेन्शनरांच्या मुलांना घ्यावे म्हणून १८९०च्या दशकात अर्जविनंत्या कराव्या लागल्या आणि वाट्याला आला तो व्हरांडा. उर्मिला पवार यांनी 'आयदान'मध्ये रत्नागिरीच्या शाळेचे जे चित्र रेखाटले आहे, ते तर स्वातंत्र्यानंतरचे. व्हरांडा संपला, हा चळवळीचा विजय आहे. पण वर्गाच्या आतही एक व्हरांडा असतो. तो बाईंच्या नकाशात दिसला.

बदल आम्ही एकच करायचा ठरवला, कारण बाई म्हणाल्या, "दहा गोष्टी एकदम सुधारायला गेलात तर एकही सुधारणार नाही." प्रश्न विचारायचा, मनात पाच अंक मोजायचे, मग नकाशात टिंब नसलेल्या मुलाकडे बघायचे आणि उत्तर मालवणीत आले तरी अडवायचे नाही. पहिले पंधरा दिवस वर्गात नुसती शांतता. मला घाम फुटे. अभ्यासक्रम मागे पडेल, ही धास्ती वेगळीच.

मग एके दिवशी, त्या तिघांतलीच एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, भरती रोज येकाच टायमाक कित्याक येना नाय?" जिभेच्या टोकावर चंद्राचे गुरुत्वाकर्षण आले होते. सांगितले असते तर प्रश्न तिथेच मेला असता. बाई मागे बसल्या होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. मी म्हणालो, "माका म्हायत नाय. बघूया आपण." शाळेपासून खाडी दोनशे पावलांवर. मुलांनी धक्क्याच्या दगडावर खुणा केल्या, महिनाभर वेळा टिपल्या. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी उशिरा येते, हे त्यांचे त्यांनी शोधले. गाबित वाड्यातील एका मुलाच्या आजोबांनी दर्यावर्दींचा जुना हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला आठ पाऊण सहा. मुलांनी तो आपल्या नोंदींशी ताडून पाहिला. काही दिवस जुळला, काही दिवस मागेपुढे झाला. का मागेपुढे झाला यावर जे भांडण जुंपले, तसे भांडण माझ्या वर्गात आधी कधी झाले नव्हते. प्रश्न विचारणारी मुलगी नोंदवही सांभाळत होती आणि आजोबांचा हिशोब चुकला तिथे तिने लाल शाईने खूण केली होती. आजोबांनी सांगितले म्हणून खरे, हे तिने मानले नाही. कालाम सुत्त आपण विहारात दरवर्षी ऐकतो; ते वर्गात घडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसून त्यांचे विचार ऐकले होते आणि 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६च्या भाषणात आपल्या या गुरूचे ऋण त्यांनी नोंदवले आहे. शिक्षण म्हणजे आयते ज्ञान पोत्यात भरणे नव्हे, अनुभवातून विचार करण्याची सवय लावणे, हे ड्यूईंचे सांगणे. जातीची उतरंड टिकते ती 'विचारू नकोस' या दोन शब्दांवर, हे ज्याने ओळखले त्याला ड्यूई जवळचे वाटले यात नवल नाही.

आता मुद्दा असा की, मला हे बदलता आले ते प्रशिक्षणामुळे नव्हे. प्रशिक्षणे मी ढीगभर केली. तालुक्याच्या ठिकाणी जायचे, भत्ता, चहा, पुस्तिका आणि सोमवारी पुन्हा तोच वर्ग. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८०च्या दशकातच सांगून ठेवले आहे की व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांनी शिक्षकाला नवी रीत समजते, पण ती वर्गात रुजते ती कोणीतरी सोबत राहून पुन्हा पुन्हा पाहिले, बोलले तरच. याला तिकडे कोचिंग म्हणतात. आपल्याकडे कोचिंग म्हटले की शहरातले फीवाले क्लास आठवतात, म्हणून मी त्याला सोबत म्हणतो.

आणि ही सोबत आपल्या व्यवस्थेत नव्हती असे नाही. १९९४ साली महाराष्ट्राने केंद्रप्रमुखाचे पद निर्माण केले, राज्यभरात ४,८६० केंद्रे. दहाएक शाळांमागे एक अनुभवी शिक्षक, त्याने वर्गात जाऊन शिक्षकाला हात द्यायचा, महिन्याला शिक्षण परिषद घ्यायची. कल्पना सोन्यासारखी! पुढे काय झाले? पदे वर्षानुवर्षे रिकामी आणि जे होते त्यांना माहिती गोळा करणारा कारकून करून टाकले. आज अमुक तक्ता, उद्या तमुक लिंक. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. २०१५च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'नंतर गावोगावी शाळांच्या फरश्या रंगल्या. फरशी रंगवणे सोपे, आपले बोलणे आवरणे अवघड. बहुतेकांनी सोपे ते केले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या दलित वस्तीतील मुलांपासून सुरुवात केली आणि १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली. त्या मूळच्या भाषाशास्त्रज्ञ, फलटणच्या बोलीवरच पीएच.डी. केलेल्या. बोलीला अशुद्ध म्हणून हाकलायचे नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

इथे एक धोका सांगून ठेवला पाहिजे. 'मूल स्वतः शिकते' हे वाक्य सरकारच्या फार सोयीचे आहे. मूल स्वतः शिकते ना, मग शिक्षक कशाला? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचा घाट २०२३ साली घातला गेला, त्यात चौदा हजारांवर शाळा येत होत्या. आमच्या कोकणात वाडी इथे आणि शाळा डोंगरापलीकडे. पट कमी असणारच. त्याच वर्षी रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना वीस हजारांवर नेमण्याचा आदेश निघाला, इकडे डी.एड. झालेली पोरे घरी बसून. आणि घरच्या कामातून शिक्षण म्हणत कोणी आपल्याला पुन्हा टोपल्या विणायला बसवणार असेल, तर १९५३ साली राजाजींनी मद्रासमध्ये अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा ही योजना आणली होती आणि लोकांनी ती वर्षभरात मोडून काढली, याचे स्मरण असू द्यावे. स्वतः शिकणारे मूल घडवायला शिक्षक कमी नव्हे, अधिक लागतो आणि अधिक तयारीचा लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये भयमुक्त, शोधातून शिकण्याची भाषा आहे. कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामेही आहेत. दुसरे कलम तत्परतेने पाळले जाते.

शिक्षक संघटनांनी वेतनासाठी लढावेच, पण वर्गभेट ही तपासणी नसून सोबत असावी, तिची नोंद गोपनीय अहवालात जाऊ नये, ही मागणीही एकदा पत्रकात छापावी. माझ्या त्या बाईंनी वहीतली दोन्ही पाने फाडून मलाच दिली होती. साहेबांकडे ती कधी गेली नाहीत, म्हणूनच मी त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात येऊ दिले.

मागच्या रविवारी आमच्या विहारातील अभ्यासिकेत नव्याने नोकरीला लागलेली एक तरुण शिक्षिका भेटली. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, एक खोली. म्हणाली, "काका, पोरा बोलनतच नाय. तुमी येवन बसशात?" मुख्याध्यापकांना विचारून तिने दिवस कळवला आहे. मी नवी वही आणून पहिल्या पानावर चौकटी आखून ठेवल्या आहेत. नावे तेवढी भरायची आहेत.