घाट, गाडा आणि गाव : चाकण पट्ट्यातल्या एका खेळाचे आयुष्य

महाराष्ट्रातल्या देशी खेळांवर लिहिले गेले ते मुख्यतः कुस्तीवर आणि कबड्डीवर. कुस्तीला राजाश्रयाचा इतिहास होता, कबड्डीला व्यायामसंस्थांचा. बैलगाडा शर्यतीच्या वाट्याला मात्र दोनच प्रकारचे लेखन आले : जत्रेची बातमी आणि न्यायालयाचा निकाल. बातमीत गुलाल असतो, निकालात कलमे असतात. पण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हिंडणाऱ्याला पडणारा साधा प्रश्न दोन्हींत सापडत नाही. ज्या गावांत नांगरायला रान उरले नाही, त्या गावांच्या गोठ्यांत बैल अजून का बांधलेला आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. त्यासाठी आधी खेळ नीट पाहायला हवा, कारण ‘बैलगाडा शर्यत’ या एका नावाखाली महाराष्ट्रात निरनिराळे खेळ चालतात.

घाटातला खेळ

सातारा-सांगलीकडे हलक्या छकड्याला दोन बैल जुंपतात, वर हाकणारा बसतो आणि मोकळ्या मैदानात अनेक छकडे एकाच वेळी सुटतात. विदर्भात शंकरपट असतो. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ आणि हवेली या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत खेळ वेगळा आहे. इथे धावपट्टी चढाची असते आणि तिला ‘घाट’ म्हणतात. गाड्याला दोन जोड्या, म्हणजे चार बैल. पुढे वाट दाखवायला घोडी पळते. गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. प्रत्येकाची स्वतंत्र ‘बारी’ होते. सुटण्याच्या रेषेवर बैल धरून ठेवणारे गडी दूर झाले, निवेदकाने ‘भिर्रर्र’ केले, की काही सेकंदांत सारे संपते. प्रतिस्पर्धी समोर नसतो, तो घड्याळात असतो. दिवसभरात ज्याची वेळ सर्वांत कमी, तो ‘घाटाचा राजा’.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. पहिली, चार बैल एकाच्या दावणीला क्वचितच असतात. लहान शेतकऱ्याकडे असली तर एक जोडी. मग एका गावची जोडी पुढे, दुसऱ्या गावची मागे अशी ‘जुगलबंदी’ जमते. ती जमवायला सोयरीक लागते, पाहुण्यारावळ्यांतला शब्द लागतो, आणि हरल्यावर दोष कुणाच्या बैलाचा यावरून तुटू नये इतका सलोखाही लागतो. मालक, जुंपणारे, घोडीवाला, निशाण धरणारे अशी पंधरा-वीस माणसे एका बारीमागे उभी असतात. म्हणजे बाहेरून हौशी मालकाचा दिसणारा हा खेळ आतून सांघिक आहे.

दुसरी गोष्ट, हा खेळ सुटा नाही, तो जत्रेचा भाग आहे. चैत्र-वैशाखात रान रिकामे होते, तेव्हा गावोगावच्या भैरवनाथाच्या, खंडोबाच्या, म्हसोबाच्या जत्रा येतात. अभिषेक, मांडवडहाळे, पालखी, गाडे, रात्री तमाशा किंवा भजन असा दिवसाचा क्रम असतो. निमगावच्या खंडोबाचा किंवा थापलिंगच्या खंडोबाचा घाट नावाजला तो देवस्थानामुळे. नवस फेडायला गाडा पळवणारे आजही भेटतात. गाडा पळाला की नवस फिटला. क्रमांक आला तर मान, नाही आला तरी देवाचे देणे संपले.

एका आयुष्याचे माप

या पट्ट्यातला बदल मोजायला एक माप घेऊ. १९५० साली चिखली, मोशी किंवा भोसरी परिसरातल्या एखाद्या शेतकरी घरात जन्मलेला मुलगा. तो कोणी विशिष्ट माणूस नव्हे, केवळ मोजपट्टी.

तो चार वर्षांचा असताना, १९५४ साली, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तो दहा-बारा वर्षांचा झाला तेव्हा औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी घ्यायला सुरुवात केली. १९७० साली, त्याच्या विसाव्या वर्षी, नगरपालिका आली. १९८२ साली महानगरपालिका झाली तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. १९९७ साली चिखली, मोशी, चऱ्होली, तळवडे, दिघी ही गावे पालिकेच्या हद्दीत घेतली गेली तेव्हा सत्तेचाळीस. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तेव्हा एकोणसाठ.

त्याच्या लहानपणी गाड्याचा बैल आणि नांगराचा बैल एकच होता. जून ते माघ कामाला, चैत्रात घाटात. चाकणच्या शनिवारच्या बाजारात बैल घेताना शेतकरी खांदा, खूर, दात आणि चाल पाही, आणि ‘पळतो का’ हा शेवटचा प्रश्न असे. शर्यत ही वर्षभराच्या मशागतीची एका अर्थाने परीक्षा होती. ज्याचा बैल चांगला राखलेला, त्याची बारी चांगली.

तरुणपणी त्याने ट्रॅक्टर पाहिला. भावकीतले कोणी कंपनीत लागले, कोणी वर्कशॉप टाकले, कोणी चाळी बांधून भाडे घेऊ लागले. सातबाऱ्यावरचे क्षेत्र एकरांवरून गुंठ्यांवर आले. बैलाचे काम एकेक करून गेले : नांगरट गेली, मोट आधीच गेली होती, वाहतूक टेम्पोने नेली. उरला तो भाद्रपदातला पोळा आणि चैत्रातला घाट. अशा वेळी हिशेबाने बैल विकायला हवा होता. अनेकांनी विकलाही. ज्यांनी ठेवला, त्यांनी तो घाटासाठी ठेवला.

याचे कारण निव्वळ हौसेत शोधले तर फसगत होते. जमीन गेली की गावाचे नाव राहते, पण गाव दिसायचे थांबते. शिवार म्हणून ज्याकडे बोट दाखवावे तिथे शेड असते. शेजारी कोण राहतो हे माहीत नसते, कारण तो लातूरहून, बिहारहून किंवा ओडिशातून पोटासाठी आलेला असतो, आणि त्याचे येणे काही अपराध नव्हे. अशा ठिकाणी वर्षातून एक दिवस निवेदक ध्वनिक्षेपकावरून मालकाचे आणि गावाचे नाव जोडून पुकारतो. अमुक यांचा गाडा, मुक्काम अमुक. पोस्टाच्या पत्त्यातून, मतदारयादीतून, सोसायटीच्या पाटीवरून पुसट झालेले गाव त्या पुकाऱ्यात पुन्हा उमटते. बैल दावणीला राहण्याचे हे पहिले कारण.

बंदी आणि गोऱ्ह्याची किंमत

आपल्या मोजपट्टीवरचा माणूस एकसष्ट वर्षांचा असताना, जुलै २०११ मध्ये, केंद्र सरकारने अधिसूचना काढून खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बेकायदा ठरवल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती रोखली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमांच्या अधीन राहून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले.

प्राणिमित्रांचे आक्षेप खोटे नव्हते. शेपूट पिरगाळणे, चावणे, टोचणी लावणे, विजेचा झटका देणे, उत्तेजक पाजणे हे प्रकार घाटांत घडत होते. जुने गाडामालकही ते नाकारत नाहीत. नियमांनी आता हे सारे निषिद्ध केले आहे. पशुवैद्यकाचा दाखला, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, एक हजार मीटरच्या आतली धाव या अटी घातल्या आहेत. हे व्हायलाच हवे होते.

परंतु ‘क्रूरता की परंपरा’ या वादात एक तिसरी बाजू झाकली गेली. ती गोऱ्ह्याच्या किमतीची. घाटात पळणारा बैल बहुधा खिलार असतो. खिलार ही सातारा, सांगली, सोलापूर या कमी पावसाच्या मुलखातली ओढकामाची जात. तिची गाय दूध बेताचेच देते. ती परवडते ती तिच्या गोऱ्ह्याला मोल असेल तरच. ट्रॅक्टरने ओढकामाचे मोल काढून घेतले. २०१४ साली शर्यत थांबली. २०१५ साली राज्यात गोवंशहत्या बंदी बैलांनाही लागू झाली, त्यामुळे निकामी जनावराची शेवटची किंमतही गेली. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर खिलार गोऱ्हा हा शेतकऱ्याच्या दृष्टीने निव्वळ खर्च झाला, आणि ज्याचा गोऱ्हा खर्चाचा त्या गाईऐवजी संकरित गाय बांधणे शहाणपणाचे ठरले. शर्यत सुरू झाल्याबरोबर बाजारात खिलाराला पुन्हा भाव आला, यात नवल नाही. बैल जगवण्यासाठी शर्यत हवी, हा गाडामालकांचा युक्तिवाद भावनिक वाटतो. तो मुळात पशुपालनाचा हिशेब आहे. दावणीच्या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर.

नियम कोणी लिहायचे?

या संदर्भात आयर्लंडकडे पाहण्याजोगे आहे. तिथला गेलिक फुटबॉल हा असाच गावांचा खेळ. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावी काही मंडळींनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली, खेळाचे नियम लिहून काढले, आणि चर्चच्या हद्दीतले गाव म्हणजे पॅरिश हा संघाचा घटक धरला. आजही तिथला खेळाडू मानधनाशिवाय खेळतो. आठवडाभर शिक्षक किंवा सुतार असलेला माणूस डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर उतरतो आणि सोमवारी कामावर जातो. लहानपणी खेळाडू, मग पंच, मग मैदानाची निगा राखणारा, मग मुलांचा शिक्षक असे एकाच गावच्या क्लबात सारे आयुष्य घालवणारी माणसे तिथे खेड्याखेड्यांत आहेत.

आपल्याकडे हुतूतूचे असेच झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातल्या व्यायामसंस्थांनी त्याला नियमांत बांधले, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो तिथे दाखवला.

बैलगाड्याच्या बाबतीत क्रम उलटा झाला. खेळणाऱ्यांनी नियम लिहिले नाहीत. गावकीचा दंडक होता, पण तो तोंडी होता आणि गावागणिक बदलत होता. बैलाला इजा करणाऱ्याला घाटातून उठवणारी गावे होती, तशी डोळेझाक करणारीही होती. गाडामालकांच्या संघटना खऱ्या अर्थाने एकवटल्या त्या बंदीविरुद्ध लढायला, म्हणजे खेळ हातातून गेल्यावर. त्यामुळे आज घाटाचे नियम आहेत ते कायद्याचे. त्यांत बैलाचे रक्षण आहे आणि ते मोलाचे आहे. परंतु लहान मालकाचे रक्षण त्यांत नाही. ते कायद्याचे कामही नव्हे.

आणि गरज आज तिथेच आहे. परवानगी मिळाल्यापासून घाटांचे रूप पालटले. सेन्सरची घड्याळे आली, थेट प्रक्षेपण आले, राजकीय पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या शर्यती आल्या. बक्षिसात फेट्याऐवजी मोटारसायकल, ट्रॅक्टर, मोटार दिसू लागली. २०२२ च्या मे महिन्यात चिखलीत झालेल्या शर्यतीचे पहिले बक्षीस जेसीबी होते. ज्या यंत्राने या परिसरातली शेते सपाट केली तेच यंत्र बैलाच्या पळण्याचे बक्षीस व्हावे, हा योगायोग बोलका आहे. पैसा आला की बैलाची किंमत लाखांत जाते. लाखांची खरेदी ज्याला झेपते त्याच्याकडे चारही बैल स्वतःचे असतात, आणि ज्याच्याकडे चारही स्वतःचे त्याला जुगलबंदीची गरज उरत नाही. सोयरीक, शब्द, सलोखा हे सारे जिच्यामुळे टिकले होते ती एक जोडीवाल्याची जागा अशी हळूहळू सुटते आहे.

एक जोडीवाला गेला तर घाट ओस पडणार नाही, उलट अधिक भरेल. पण तो तेव्हा गावाचा खेळ न राहता तमाशबिनांचा होईल. उपाय अवघड नाहीत. एक जोडीवाल्यांसाठी जुगलबंदीच्या राखीव बाऱ्या, घरच्या गाईच्या गोऱ्ह्याला वेगळा मान, बक्षिसाच्या रकमेतला काही भाग म्हाताऱ्या बैलांच्या वैरणीला, आणि बैलाला मारणाऱ्याला पोलिसांच्या आधी गावानेच बाद करणे. यातले काहीही न्यायालय सांगणार नाही. हे आयर्लंडच्या खेड्यांनी स्वतः ठरवले, कबड्डीच्या आखाड्यांनी स्वतः ठरवले. घाटाच्या गावांनी ते ठरवायचे राहिले आहे.

१९५० साली जन्मलेला आपला माणूस घटनापीठाच्या निकालाच्या दिवशी त्र्याहत्तर वर्षांचा होता. बैलाचा खांदा, खूर, दात आणि चाल पाहून त्याची प्रकृती सांगणारे डोळे त्याच्या पिढीकडे आहेत. त्या पिढीने नांगरटीत आणि मोटेवर बैल वापरलेला आहे, म्हणून थकलेला बैल आणि हटून बसलेला बैल यांतला फरक तिला कळतो. पुढच्या पिढीने बैल फक्त घाटात पाहिला आहे. ही नजर तिच्याकडे जायची असेल, तर म्हाताऱ्यांना मंडपातल्या सत्काराच्या खुर्चीवरून उठवून बैल सुटतात त्या रेषेवर, तपासणाराचा अधिकार देऊन उभे करावे लागेल.