वर्ध्याचा नकाशा आणि २,८०० कोटी वर्षं

गावठाणाच्या कडेने चुन्याची फक्की मारून होते आणि ड्रोन वर जातं. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी अशीच होते. फोटोतला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा साधारण ५ सेंटिमीटरचा चौकोन. घरमालकाच्या हाती शेवटी मिळकत पत्रिका पडते. त्याआधी संगणकाला सपाट फोटोंमधून उंचसखल गाव उभं करावं लागतं. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या प्रत्येक यंत्रमानवापुढे हेच काम असतं.

ही योजना गावठाणापुरती आहे. पण हीच पद्धत सगळ्या वर्धा जिल्ह्याला लावायची म्हटली तर? आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत आठ तालुके, सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर. एका चौरस मीटरला ४०० पिक्सेल, म्हणजे जिल्ह्याला अडीच लाख कोटी. एवढ्यावर भागत नाही. खोली कळायला तीच जागा निरनिराळ्या कोनांतून दिसावी लागते, म्हणून फोटो एकमेकांवर चढते घेतात. उडण्याच्या दिशेने ८० टक्के आणि बाजूने ७० टक्के चढते घेतले, तर जमिनीचा प्रत्येक तुकडा सोळा-सतरा फोटोंत येतो. कॅमेरा २ कोटी पिक्सेलचा धरला, तर जिल्ह्याला २१ लाख फोटो लागतील.

आता खरी गंमत. देवळाचा कळस जमिनीपेक्षा कॅमेऱ्याला जवळ असतो, त्यामुळे एका फोटोतून दुसऱ्या फोटोत जाताना तो जमिनीपेक्षा जास्त सरकतो. हे सरकणं मोजलं की उंची मिळते. मात्र त्यासाठी या फोटोतला कळस त्या फोटोत नेमका कुठे आहे, ते आधी सापडायला हवं. एकेक पिक्सेल ताडून पाहायचा ठरवला, तर दोन फोटोंतच २ कोटी गुणिले २ कोटी, म्हणजे ४०० लाख कोटी तुलना होतात. सेकंदाला १०० कोटी तुलना करणाऱ्या संगणकालाही एका जोडीला साडेचार दिवसांहून जास्त लागतील.

छोट्या गावाचे १०० फोटो असले तर जोड्या होतात ४,९५०. वेळ ६३ वर्षं. आणि जिल्ह्याच्या २१ लाख फोटोंच्या जोड्या होतात २.२ लाख कोटी. त्यांना लागतील २,८०० कोटी वर्षं! विश्वाचं वय आहे १,३८० कोटी.

यावर जास्त ताकदीचा संगणक हा उपाय नव्हे. उपाय आहे तो पाहायचं काय आणि सोडायचं काय, हे ठरवण्यात. फोटो कुठून काढला ते ड्रोनला ठाऊक असतं. मग समुद्रपूरचा फोटो आष्टीच्या फोटोशी ताडायचाच कशाला? प्रत्येक फोटो आसपासच्या साठेक फोटोंशी जुळवला की जोड्या उरतात ६.३ कोटी. पुढची काटछाट डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या ‘सिफ्ट’ पद्धतीने होते. नुसती माती किंवा कोरी भिंत सोडून द्यायची. कौलाचा कोपरा, विहिरीचा काठ असे ठळक बिंदू तेवढे घ्यायचे आणि प्रत्येकाची ओळख १२८ आकड्यांत बांधायची. फोटोमागे असे १०,००० बिंदू धरले आणि प्रत्येक तुलना १२८ पट जड मानली, तरी हिशेब २५ वर्षांवर येतो. काम शंभर संगणकांना वाटून दिलं की तीन महिने.

उरलेले पिक्सेल जुळवतानाही भूमिती मदतीला येते. दोन कॅमेऱ्यांच्या जागा कळल्या की एका फोटोतल्या बिंदूचा जोडीदार दुसऱ्या फोटोत एका ठरावीक रेषेवरच सापडतो. २ कोटी पिक्सेलऐवजी फार तर काही हजार पिक्सेल धुंडाळायचे.

नकाशाला तीन महिने चालतात. जमिनीवर फिरणाऱ्या यंत्राकडे तेवढा वेळ नसतो. १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हान्स मोरावेक यांची कॅमेऱ्याची गाडी खुर्च्या ठेवलेली खोली एकटी पार करून गेली. दर मीटरला थांबायचं, कॅमेरा पट्टीवर सरकवत ९ फोटो घ्यायचे, दहा-पंधरा मिनिटं हिशेब करायचा, मग पुढचा मीटर. साधारण २० मीटरला पाच तास लागले. आजच्या यंत्रांत हाच हिशेब सेकंदाला अनेकदा होतो.

वेग वाढला, तरी अंतराचा जाच संपलेला नाही. दोन कॅमेरे १२ सेंटिमीटरवर बसवले आणि भिंगाचं नाभीय अंतर ७०० पिक्सेलएवढं असलं, तर २ मीटरवरची वस्तू दोन चित्रांत ४२ पिक्सेलने सरकलेली दिसते. मोजण्यात एका पिक्सेलची चूक झाली, तर अंतर ५ सेंटिमीटरने चुकतं. २० मीटरवर सरकणं उरतं अवघं ४.२ पिक्सेल. तिथे तीच एका पिक्सेलची चूक ६ मीटरला पडते.

म्हणून कापूस वेचू पाहणाऱ्या यंत्राला बोंडाजवळ जावं लागतं, आणि वर्ध्यात कसोटी घ्यायची तर कपाशीहून कठीण पेपर नाही. एका बोंडातला कापूस सरासरी साडेचार ग्रॅम धरला, तर क्विंटलभर कापसाला २२,००० बोंडं लागतात. कमरेला ओटी बांधून एखाद्या बाईने आठ तासांत ४० किलो वेचला, तर तिने जवळपास ९,००० बोंडं रिकामी केली. म्हणजे दर सव्वातीन सेकंदाला एक. तेवढ्यात फुटलेलं बोंड हेरायचं, हिरवं सोडायचं, पानाआडचं अंतर जोखायचं आणि वाळक्या पानांचा कचरा न येऊ देता कापूस ओढायचा. तोही झाड वाऱ्याने हलत असताना. ड्रोनखालचं गाव निदान जागचं हलत तरी नाही. असं एकेक बोंड पाहून कापूस वेचणाऱ्या यंत्रमानवांवर जगभर काम चालू आहे. त्यांचे कॅमेरे कितीही पिक्सेलचे असोत, शेतकरी विचारणार ते एवढंच: बोंडामागे किती सेकंद, आणि किलोमागे किती रुपये?