दुर्मीळ आजारांची खातेवही

दुकान कितीही मोठे असो, त्याची खरी स्थिती वहीतच कळते, हे व्यापारी घरातील मुलाला लहानपणीच समजते. रोजकीर्दीतील एकेक नोंद क्षुल्लक वाटते. पण खतावणी झाली की कोणता व्यवहार तारतो आणि कोणता बुडवतो, ते स्पष्ट दिसते. दुर्मीळ आजारांच्या संशोधनाचेही तसेच आहे.

अमेरिकेच्या १९८३ च्या कायद्यानुसार त्या देशात दोन लाखांहून कमी लोकांना असलेला आजार दुर्मीळ मानला जातो. असे आजार काही हजार आहेत. त्यांपैकी एखाद्या आजाराचा रुग्ण डॉक्टरला सबंध कारकिर्दीत एखाददुसराच भेटतो. एका रुग्णावरून नियम ठरत नाही आणि औषधाची पारखही होत नाही. त्यासाठी गावोगावच्या नोंदी एका वहीत याव्या लागतात.

हे ओळखून अमेरिकेने २००२ मध्ये दुर्मीळ आजारांविषयी कायदा केला आणि २००३ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधन गटांचे एक जाळे उभारले. प्रत्येक गटाने परस्परसंबंधित किमान तीन आजारांचा अभ्यास करावा आणि रुग्णांच्या संघटनेला सहभागी करून घ्यावे, अशी अट होती. या सर्व गटांची माहिती सांभाळण्यासाठी एक मध्यवर्ती केंद्र ठेवण्यात आले.

या केंद्राचे काम मुनीमजींचे. सर्व रुग्णालयांत एकच प्रश्न एकाच पद्धतीने विचारले जावेत, मोजमापे एका एककात यावीत, रुग्णाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा, चुकीची नोंद परत पाठवून दुरुस्त करून घ्यावी, औषधाच्या चाचणीत अपाय दिसताच तो वेळीच संबंधितांच्या नजरेस आणावा. यासाठी विद्यापीठे व वैद्यकीय संस्था आपापले प्रस्ताव मांडतात, तज्ज्ञ त्यांना गुण देतात आणि अनुदान ठरावीक मुदतीपुरतेच मिळते. मुदत संपली की पुन्हा स्पर्धा. सुमारे दीड दशक हे काम फ्लोरिडातील साउथ फ्लोरिडा विद्यापीठाकडे होते. २०१९ च्या फेरीत ते सिनसिनाटी येथील बाल रुग्णालयाच्या वैद्यकीय केंद्राकडे गेले. त्या वर्षी वीस संशोधन गट आणि हे केंद्र यांसाठी मिळून सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर मंजूर झाले.

काम मिळणे म्हणजे संस्थेला प्रतिष्ठा आणि तेथील माणसांना रोजगार. पण रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की मुनीम बदलला तरी मागील शिल्लक बिनचूक पुढे ओढली गेली पाहिजे. दहा वर्षे जपलेली नोंद हरवली, तर ती दहा वर्षे पुन्हा जगून भरून काढता येत नाहीत.

अशा वहीने काय साधते, याचे एक उदाहरण पाहू. ‘लॅम’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा फुप्फुसांचा एक आजार मुख्यतः स्त्रियांना होतो आणि श्वास हळूहळू कमी करत नेतो. अमेरिका, कॅनडा आणि जपान या तीन देशांतून चाचणीसाठी मिळाल्या अवघ्या ८९ रुग्ण. वर्षभरात औषधाविना असलेल्या गटाची श्वासक्षमता दरमहा सरासरी १२ मिलिलिटरने घटली. सिरोलिमस घेणाऱ्या गटाची जवळजवळ स्थिर राहिली. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०१५ मध्ये या आजारासाठी त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. संशोधनाचे नेतृत्व सिनसिनाटी विद्यापीठाच्या फ्रँक मॅककॉरमॅक यांनी केले. शोधनिबंधाच्या लेखकांत फ्लोरिडातील माहिती केंद्राचे प्रमुख जेफ्री क्रिशर यांचेही नाव आहे. नोंद ठेवणाराही संशोधकच असतो.

हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही. मुंबईतील मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मेंदूच्या एका आनुवंशिक विकाराविषयी निबंध प्रसिद्ध केला. या विकारात तान्ह्या बाळाचे डोके प्रमाणाबाहेर वाढते, पुढे चाल बिघडते आणि झटके येतात. सुटे सुटे रुग्ण एकत्र मांडल्यावर दिसले, की हे रुग्ण अगरवाल समाजातले आहेत. या समाजात जैन कुटुंबेही आहेत. २००१ मध्ये या आजाराचे जनुक सापडले. आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. जातीतच सोयरीक करणाऱ्या कोणत्याही समाजाने यातून बोध घ्यावा. यात दोष कुणाचाच नाही. आणि आता तपासणी उपलब्ध आहे.

तरीही घरोघरी काय घडते? मुलाचा आजार लपवला जातो, कारण मागे बहिणीचे लग्न असते. तपासणीचे कागद कपाटात जातात आणि आत्याच्या किंवा मावशीच्या घरी तेच दुःख पुन्हा जन्माला येते. व्यापारात खोटी वही लिहिणे आपण पाप मानतो. मग कुटुंबाच्या वहीतले पान फाडणे पुण्य कसे ठरेल?

आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. स्वेच्छेने दिलेली आजाराची माहिती हे औषधदानही आहे आणि ज्ञानदानही. मात्र ते दान हवे, हिसकावणे नव्हे. रुग्णाच्या संमतीवाचून घेतलेली माहिती म्हणजे अदत्तादानच. म्हणून माहिती देताना ती कोण सांभाळणार, कुणाला दाखवणार आणि संमती मागे घेता येईल का, हे निःसंकोच विचारावे.

घरात असा रुग्ण असेल, तर सर्व कागद तारीखवार लावून ठेवावेत, तीन पिढ्यांची वंशावळ आजारांसह लिहून काढावी आणि आनुवंशिक रोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे एक विशेष केंद्र आहे; तेथे उपचार आणि साहाय्याविषयी चौकशी करता येते. दिवाळीला आपण नव्या वहीचे पूजन करतो. यंदा तिच्या शेजारी घरातील आरोग्याची वहीही ठेवावी आणि तिच्यात खरे तेच लिहावे.