उत्तरेची हिरवळ आणि जमिनींतील ठेव

भूर्जपत्र हा शब्द आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. हिमालयाच्या उंच उतारांवरील भूर्जवृक्षाची साल काढून तिच्यावर पूर्वीं पोथ्या लिहीत, हें घरांतील वडील माणसें जाणतातच. ह्याच भूर्जाचा एक खुजा भाऊबंद उत्तर ध्रुवाजवळच्या टंड्रा प्रदेशांत बहुधा गुडघ्याएवढाच वाढतो. त्याची साल पोथीच्या उपयोगी नाहीं. परंतु शास्त्रज्ञांनीं त्याच्या वाढीवरून जें वाचलें, तें आपण ऐकण्यासारखें आहे.

आम्ही शाळेंत भूगोल शिकवीत असतां टंड्राचें प्रकरण एका तासांत आटपीत असूं. बर्फ, शेवाळ, दगडफूल, रेनडियर, झालें! गेल्या दिवाळींत आमच्या नातीनें वर्तमानपत्रांतील एक चित्र पुढें करून विचारलें, “आजोबा, पृथ्वी तापते म्हणून सगळे चिंता करतात, आणि उत्तरेस तर हिरवळ वाढते आहे. झाडें वाढलीं म्हणजे हवेंतला कर्ब कमी होतो, असें तुम्हींच ना शिकविलेंत?” प्रश्न बिनतोड होता. उत्तर शोधतां शोधतां आम्ही अलास्का विद्यापीठाचे परिस्थितिविज्ञानवेत्ते टेरी चेपिन ह्यांच्या कार्यापर्यंत येऊन पोंचलों.

अलास्कांत ब्रुक्स पर्वताच्या उत्तरेस तूलिक नांवाचें सरोवर आहे. तेथील उन्हाळ्यांत जमिनीचा वरचा थोडा थर तेवढा वितळतो. त्याखालीं ती बारमाही गोठलेली. थंडीमुळें पालापाचोळा नीट कुजत नाहीं, आणि त्यांतील नत्र व स्फुरद अडकून पडतात. वनस्पति उपाशी राहतात. पुढें ऊब वाढली, कुजणें वेगानें होऊं लागलें आणि हें अन्न मोकळें झालें तर काय होईल? चेपिन व त्यांचे सहकारी गस शेव्हर ह्यांनीं १९८१ सालीं कांहीं वाफे आंखून त्यांस दर वर्षीं खत देण्यास आरंभ केला: प्रत्येक चौरस मीटरास १० ग्रॅम नत्र आणि ५ ग्रॅम स्फुरद. पाहतां पाहतां गवताचे झुबके मागें पडले व खुज्या भूर्जानें सारी जागा व्यापली.

वाफ्याबाहेर, खताशिवायही हाच ओघ आहे. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन नौदलानें तेलाच्या शोधार्थ विमानांतून छायाचित्रें काढलीं होतीं. मॅथ्यू स्टर्म आदि संशोधकांनीं १९९९ व २००० सालीं त्याच जागांचीं छायाचित्रें पुन्हां घेऊन ताडून पाहिलीं, तों झुडपें स्पष्टपणें वाढलेलीं दिसलीं.

येथवर नातीचेंच म्हणणें खरें वाटतें. परंतु वीस वर्षांनंतर वाफे खणून हिशेब मांडला, आणि तो २००४ सालीं मिशेल मॅक, चेपिन, शेव्हर प्रभृतींनीं प्रसिद्ध केला. जमिनीवर कर्ब वाढला होता खरा; पण खालच्या थरांतील जुना कर्ब कुजून इतका गेला होता कीं, एकंदर जमाखर्चांत दर चौरस मीटरामागें सुमारें २ किलोग्रॅमची तूट आली! ओटीवर नवीं भांडीं झळकूं लागलीं, पण माजघरांत पुरलेला हंडा रिता होत चालला, तर त्या घरास सधन कसें म्हणावें? आणि हा हंडा लहान नाहीं. उत्तरेकडील गोठलेल्या प्रदेशांच्या जमिनींत सुमारें १,५०० अब्ज टन कर्ब आहे. वातावरणांतील कर्बाच्या जवळजवळ दुप्पट. त्यांत १९७९ पासून तो ध्रुवप्रदेश साऱ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानें तापत आला आहे, असें २०२२ सालच्या एका अभ्यासांत दिसून आलें.

दुसरी बाजू लपविणें आमच्या पेशास शोभणार नाहीं. तें खत निसर्गतः मिळणाऱ्या अन्नाच्या मानानें फार भारी होतें. त्याच तूलिक येथें दुसऱ्या वाफ्यांवर खत न घालतां केवळ आच्छादन उभारून वीस वर्षें ऊब दिली. २०१३ सालीं त्याचा निकाल आला, तेव्हां झुडपें वाढलेलीं, पण जमिनींतील एकूण कर्ब होता तेवढाच आढळला. म्हणजे ठेव बुडेलच असें नव्हे. परंतु वरची हिरवळ पाहून ती वाढली असें म्हणण्यासही आधार नाहीं. अशा प्रश्नाचा निकाल लागावयास एकेका वाफ्यापाशीं वीस वीस वर्षें बसावें लागतें, ह्याचेंच आम्हांस अधिक नवल वाटलें.

नातीस आम्हीं सांगितलें, “आमचें शाळेंतलें वाक्य अर्धेंच होतें, बाळ. झाड पाहिलें, त्याखालची माती पाहिली नाहीं.” ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “आणि तीं दगडफूल खाणारीं हरणें?” गोड्या मसाल्यांत पडणाऱ्या दगडफुलाचेच सगेसोयरे टंड्राच्या भुईवर पसरलेले असतात, आणि कॅरिबू नांवाचें रानटी रेनडियर हिवाळ्यांत त्यांवर जगतें. भूर्जाची सावली व गळलेलीं पानें ह्यांखालीं तें दगडफूल नाहींसें होत जातें. ब्रुक्स पर्वतांत अनक्तूवुक खिंडीपाशीं नुनामिउत लोकांचें गांव आहे. त्या लोकांचा चरितार्थ पिढ्यान् पिढ्या ह्याच कॅरिबूंच्या शिकारीवर चालत आला आहे.